सही कोणाची?

पोर्तुगालमध्ये १९७६ सालापर्यंत बायकोच्या नावाने आलेले पत्र फोडून वाचण्याची मुभा नवऱ्याला कायद्याने होती. हुकूमशाही कोसळून दोन वर्षे झाली होती, राजकीय कैदी सुटले होते, वर्तमानपत्रांवर फिरणारी सेन्सॉरची निळी पेन्सिल बंद झाली होती, तरी घरात येणाऱ्या टपालावरचा हा पहारा उठवायला वेगळा कायदा करावा लागला. हे वाचनात आल्यापासून लिस्बनमधल्या तीन लेखिकांनी १९७१ साली आपल्या पुस्तकासाठी पत्रांचाच घाट का निवडला असेल, याविषयीचे माझे कुतूहल वाढत गेले. त्या पुस्तकाचे नाव ‘नोव्हाश कार्ताश पुर्तुगेझाश’, म्हणजे ‘नवी पोर्तुगीज पत्रे’. मारिया इझाबेल बारेनो, मारिया तेरेझा ओर्ता आणि मारिया व्हेल्यो द कोश्ता या तिघींनी ते मिळून लिहिले आणि पुढे जगभर त्या ‘तीन मारिया’ म्हणून ओळखल्या गेल्या. मला पोर्तुगीज येत नाही. मी हे पुस्तक इंग्रजी अनुवादातून वाचले आहे, त्यामुळे त्याच्या भाषेविषयी फार बोलण्याचा अधिकार मला नाही. परंतु त्या पुस्तकावर जो खटला भरला गेला, आणि त्या खटल्यात या तिघींनी जी एक गोष्ट शेवटपर्यंत सांगितली नाही, तिच्याविषयी मात्र मला बोलायचे आहे.

हुकूमशहा सालाझारच्या ‘नव्या राज्या’ची राज्यघटना १९३३ची. तिच्या पाचव्या कलमात सर्व नागरिक कायद्यापुढे समान आहेत असे म्हटले होते आणि त्याच वाक्याला एक शेपूट जोडले होते: स्त्रीच्या बाबतीत मात्र तिच्या निसर्गामुळे आणि कुटुंबाच्या हितासाठी जे भेद करावे लागतील ते वगळून. एवढ्या एका शेपटातून बाकीचे सारे कायदे निघाले. १९३६च्या एका हुकमानुसार प्राथमिक शिक्षिकेला लग्न करायचे असेल तर सरकारची परवानगी घ्यावी लागे, आणि ती मिळण्यासाठी होणाऱ्या नवऱ्याचे वर्तन चांगले आहे व त्याचे उत्पन्न तिच्या पगाराला साजेसे आहे हे दाखवावे लागे. सरकारी रुग्णालयांतील परिचारिकांना १९६३पर्यंत लग्न करण्याचीच बंदी होती. विवाहित स्त्रीला देशाबाहेर जायचे तर १९६९पर्यंत नवऱ्याची संमती लागे. व्हॅटिकनशी १९४० साली झालेल्या करारामुळे चर्चमध्ये लग्न केलेल्यांना घटस्फोटाचा मार्ग बंद झाला होता. व्यभिचार करताना सापडलेल्या बायकोला नवऱ्याने ठार मारले तर त्याला सहा महिने जिल्ह्याबाहेर राहण्याची शिक्षा होती, आणि ही तरतूद १९७५पर्यंत दंडसंहितेत टिकून होती. १९७१ साली घटना दुरुस्त झाली तेव्हा त्या शेपटातले ‘कुटुंबाचे हित’ गळाले, ‘निसर्ग’ मात्र तसाच राहिला. योगायोग असा की ‘नवी पोर्तुगीज पत्रे’ लिहिली गेली तीही याच वर्षी.

या सगळ्या तरतुदी एकत्र ठेवून पाहिल्या की ध्यानात येते की, स्त्रीची सही तिथे पुरती मोजली जात नव्हती. तिच्या सहीखाली, किंवा सहीच्या वर, दुसऱ्या कोणाची तरी सही लागत होती. इथे गोव्याची आठवण येणे मला अपरिहार्य वाटते, कारण गोव्यातील कौटुंबिक मालमत्तेचा कायदा आजही बऱ्याच अंशी १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतूनच आलेला आहे. महाराष्ट्रातून गोव्यात जमीन किंवा घर घ्यायला गेलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो हाच, की विकणारा नवरा असला तरी बायकोची सही असल्याशिवाय खरेदीखत पूर्ण होत नाही, कारण लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक मानली जाते. हे ऐकून आपल्याकडचे लोक त्या कायद्याचे कौतुक करतात आणि ते योग्यही आहे. परंतु त्याच संहितेने त्या सामाईक मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्या हाती दिला होता, हे त्या कौतुकात सहसा येत नाही. बायकोची सही हवी, कारभार मात्र तिचा नको, अशी ती मांडणी आहे. पोर्तुगालमध्ये या मांडणीवर हुकूमशाहीचा आणखी एक थर चढला.

सेन्सॉरशिपची तिथली रीतही समजून घेण्यासारखी आहे. वर्तमानपत्रांची मुद्रिते छापण्याआधीच तपासली जात. निळ्या पेन्सिलीने मजकूर कापला जाई, आणि कापलेली जागा कोरी ठेवण्याचीही मुभा नसे, कारण कोरी जागा वाचकाला फार काही सांगून जाते. पुस्तकांचे तसे नव्हते. पुस्तक आधी दाखवावे असे सर्वसाधारण बंधन नव्हते. ते छापा, विका, आणि मग पोलीस दुकानात येऊन प्रती उचलून नेतील की नाही याची वाट पाहा. वरवर पाहता ही पद्धत सैल वाटते. प्रत्यक्षात ती अधिक खोल जाणारी होती, कारण तिने सेन्सॉरचे काम लेखकाच्या, प्रकाशकाच्या आणि छापखान्याच्या मालकाच्या डोक्यात नेऊन बसवले. कागद, छपाई, बांधणी यांचा सगळा खर्च केल्यावर माल जप्त होणार असेल तर कोणता प्रकाशक ओळ न् ओळ आधीच तपासून घेणार नाही? सालाझार १९६८ साली आजारपणामुळे पायउतार झाला, मार्सेलो कायतानो सत्तेवर आला, गुप्त पोलिसांचे नाव बदलले, पुढे सेन्सॉरशिपलाही ‘पूर्वपरीक्षण’ असे सौम्य नाव मिळाले. यंत्रणा मात्र तीच राहिली.

या यंत्रणेशी झगडणाऱ्या स्त्रिया तीन मारियांच्या आधीही होत्या, आणि त्यांतली मारिया लामास मला फार मोठी वाटते. १८९३ साली जन्मलेली ही पत्रकार ‘ओ सेक्युलो’ या दैनिकाच्या ‘फॅशन आणि भरतकाम’ अशा नावाच्या स्त्रियांच्या पुरवणीची संपादक होती, आणि त्या निरुपद्रवी नावाआड ती वाचकांशी शिक्षणाबद्दल, कामाबद्दल बोलत असे. स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेची अध्यक्ष असताना १९४७च्या जानेवारीत तिने लिस्बनमध्ये एक प्रदर्शन भरवले. त्यात काय होते? बायकांनी लिहिलेली पुस्तके, देशोदेशींची, हजारोंच्या संख्येने मांडून ठेवलेली. एवढेच. त्याच वर्षी सरकारने ती परिषद बंद केली. मातांसाठी सरकारी संघटना आहेच, मग या वेगळ्या परिषदेचे प्रयोजन काय, असा सरकारचा सूर होता. लामासने संपादकपद सोडले आणि देशभर फिरून कोळिणी, मजूर बायका, शेतावर राबणाऱ्या, गिरणीत काम करणाऱ्या, डोंगराळ गावांतल्या स्त्रिया प्रत्यक्ष पाहून, त्यांची छायाचित्रे काढून ‘माझ्या देशातील स्त्रिया’ हा ग्रंथ १९४८ ते १९५० या काळात हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध केला. सरकारी चित्रांतली चुलीपाशी हसणारी गृहिणी आणि या पानांवरची अनवाणी, ओझ्याखाली वाकलेली बाई या एकाच देशात राहत होत्या, हे त्या ग्रंथाने दाखवून दिले. पुढे तिला तुरुंगवास घडला, आणि साठच्या दशकातली बरीच वर्षे तिने पॅरिसमध्ये परागंदा अवस्थेत काढली.

लामासने बाईचे श्रम दाखवले. बाईची इच्छा दाखवणे त्याहून जड गेले. मारिया तेरेझा ओर्ताचा ‘मिन्या सेन्योरा द मीं’ हा कवितासंग्रह १९७१ साली आला. मध्ययुगीन पोर्तुगीज काव्यात ‘सख्याची गाणी’ म्हणून एक प्रकार आहे, ज्यात तरुणी आपल्या प्रियकराच्या विरहाने बोलते, परंतु ती गाणी रचणारे बहुतेक सगळे पुरुष. आपल्याकडे विराणीत बोलणारी स्त्री असते आणि लिहिणारे ज्ञानदेव. लावणीतली नार मनातली आस उघडपणे सांगते आणि तिच्या तोंडी शब्द घालणारे रामजोशी, होनाजी. त्यामुळे ही विसंगती मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. ओर्ताने तोच जुना घाट उचलला आणि त्यातला ‘मी’ आपल्या देहासह आपल्या ताब्यात घेतला. शतकानुशतके जो शृंगार पुरुषाच्या लेखणीतून आला म्हणून वाङ्मय ठरला होता, तोच बाईच्या सहीने आला तेव्हा गुन्हा ठरला. संग्रहावर बंदी आली, तो काढणाऱ्या प्रकाशिकेला तंबी मिळाली, आणि एके दिवशी तीन पुरुषांनी ओर्ताला रस्त्यात गाठून मारहाण केली. अशा कविता लिहिल्याबद्दलची ती शिक्षा होती, हे त्या हल्लेखोरांनी लपवले नव्हते, असे ती पुढे अनेक मुलाखतींतून सांगत राहिली.

त्यानंतर तिघी मैत्रिणी जेवायला भेटल्या. एकटी बाई लिहिते तर एवढा गदारोळ होतो, मग तिघींनी मिळून लिहिले तर काय होईल, असे व्हेल्यो द कोश्ता म्हणाली असे सांगतात. तिघीही तिशीतल्या, तिघीही लग्न झालेल्या, तिघींना मुले होती, तिघींची पुस्तके निघालेली. बारेनो आणि व्हेल्यो द कोश्ता एका सरकारी औद्योगिक संशोधन संस्थेत नोकरी करत होत्या, ओर्ता वर्तमानपत्राच्या साहित्य पुरवणीचे काम पाहत होती. ठरले ते असे: आठवड्यातून एकदा बाहेर जेवायला भेटायचे, एकदा घरी, प्रत्येकीने आपले लिहिलेले आणायचे, वाचायचे, त्यावर बोलायचे, दुसरीने त्याला उत्तर लिहायचे. पत्रे, कविता, लहान निबंध, काल्पनिक रोजनिशा असे सुमारे १२० मजकूर त्यातून जमले. मजकुराखाली तारीख आहे. नाव कुठेही नाही.

आधाराला त्यांनी एक जुने पुस्तक घेतले. १६६९ साली पॅरिसमध्ये ‘पोर्तुगीज पत्रे’ नावाचे एक छोटे पुस्तक निनावी प्रसिद्ध झाले होते. त्यात एका पोर्तुगीज जोगिणीने आपल्याला टाकून गेलेल्या फ्रेंच सैनिकी अधिकाऱ्याला लिहिलेली पाच पत्रे होती. बेजा गावच्या मठात मारियाना आल्कोफोरादो नावाची जोगीण खरोखर होऊन गेली, आणि लोकांनी ती पत्रे तिचीच मानली. आज बहुतेक अभ्यासक ती गियराग नावाच्या फ्रेंच गृहस्थाने रचली असे मानतात. म्हणजे पुन्हा तेच, बाईचा आवाज आणि पुरुषाची लेखणी. फरक इतकाच की तिथे लेखकाचे नाव नव्हते म्हणून कोणी कोणाला पोलीस ठाण्यात नेले नाही. उलट त्या निनावीपणामुळे पुस्तकाची गोडी वाढली आणि ते तीनशे वर्षे आवडीने वाचले गेले.

तिघींनी मारियानाला मठातून बाहेर काढले आणि तिला वंशज दिले. त्यांच्या पुस्तकात मारियानाच्या पुतण्या, भाच्या, त्यांच्या लेकी, आणि मग विसाव्या शतकातल्या असंख्य मारिया, आना, मोनिका बोलतात. कामधंद्यासाठी परदेशी गेलेल्या आणि वर्षानुवर्षे न परतलेल्या नवऱ्याला खेड्यातली बाई पत्र लिहिते. आफ्रिकेतल्या लढाईवर पाठवलेल्या शिपायाचे घरच्यांशी असलेले नाते कागदावर कसे झिजत जाते ते दिसते. धर्मसंस्थेच्या अनाथगृहात वाढलेली एक मुलगी ‘कामे’ या विषयावर शाळेत निबंध लिहिते: पुरुषांची कामे कोणती, बायकांची कोणती. एका ठिकाणी मारियाना आ. नावाच्या स्त्रीच्या मनःस्थितीविषयीचा वैद्यकीय अहवाल आहे, आणि तो मला या पुस्तकातला सर्वांत भेदक भाग वाटतो. तिथे आक्रोश नाही, उपरोधही वर आलेला नाही. डॉक्टरी भाषेची कोरडी, समंजस वाक्ये एकामागून एक येतात आणि त्या वाक्यांमागे एक बाई दिसेनाशी होत जाते. सेन्सॉरला या भागात आक्षेप घेण्याजोगा एकही शब्द सापडला नसता, आणि तरी बाईला वेडी ठरवण्याची रीत त्यात पुरती उघडी पडते.

सगळे पुस्तक असे आहे असे मी म्हणणार नाही. काही पाने दुर्बोध आहेत, काही कविता अनुवादात पार कोमेजल्या आहेत, आणि तिघींनी एकमेकींना लिहिलेल्या पत्रांत कधीकधी आपल्यासमोर दार लावून घेतल्यासारखे वाटते. परंतु त्या पत्रांतच पुस्तकाचा कणाही आहे. भगिनीभाव ही त्यांना फुकट मिळालेली गोष्ट नव्हती. आपण तिघी एक आहोत का, आपण एकमेकींना दुखावतो आहोत का, घरी पुरुषाबरोबर राहून पुरुषसत्तेविरुद्ध लिहिण्याचा अर्थ काय, याची उलटतपासणी त्या एकमेकींकडून करून घेतात. पोलिसांनी प्रश्न विचारण्याच्या कितीतरी आधी त्यांनी स्वतःला अधिक अवघड प्रश्न विचारले होते.

पुस्तक छापायला धाडस लागणार होते आणि ते नतालिया कोरैयाकडे होते. आसोरेस बेटांवर जन्मलेली ही कवयित्री एस्तुदियोस कोर या प्रकाशनसंस्थेची साहित्य संपादक होती. तिने स्वतः पोर्तुगीज शृंगारिक आणि उपहासात्मक काव्याचा संग्रह संपादित केला होता, आणि त्याबद्दल १९७० साली तिला तीन वर्षांची स्थगित शिक्षा झाली होती. ती शिक्षा होऊन जेमतेम दोन वर्षे झालेली असताना तिने ‘नवी पोर्तुगीज पत्रे’ एकही ओळ न गाळता छापण्याचा आग्रह धरला. एप्रिल १९७२मध्ये पुस्तक बाहेर पडले आणि थोड्याच दिवसांत त्याच्या प्रती जप्त झाल्या. तिघींवर अश्लीलतेचा आणि सार्वजनिक नीतिमत्तेला बाधा आणल्याचा आरोप ठेवण्यात आला.

आरोपाची ही निवड विचारपूर्वक केलेली असावी असे मला वाटते. या पुस्तकात वसाहतीच्या युद्धावर उघड टीका आहे. अंगोलात १९६१पासून, पुढे गिनी आणि मोझांबिकमध्ये, पोर्तुगाल लढत होता आणि लाखो तरुण सक्तीने लष्करात जात होते. चर्चवर टीका आहे, न्यायसंस्थेवर आहे. यांपैकी एखाद्या मुद्द्यावर खटला भरला असता तर या बायकांना राजकीय प्रतिस्पर्धी म्हणून मान्यता द्यावी लागली असती. अश्लीलतेचा आरोप स्वस्त पडतो. त्यात वाद घालावा लागत नाही, आरोपी बाई आपोआप लाजेने मान खाली घालील अशी अपेक्षा असते, आणि एरवी सरकारविरोधी असलेले पुष्कळ सभ्य पुरुषही अशा वेळी घसा खाकरून बाजूला होतात.

चौकशीला सुरुवात झाली ती तिघींपैकी कोणी कोणता मजकूर लिहिला, या प्रश्नाने. पोलिसांनी त्यांना वेगवेगळे बसवून विचारले. अडचण अशी होती की आक्षेपार्ह मानलेली पाने काही थोडी होती. ती कोणाची हे कळले असते तर एकीला मुख्य गुन्हेगार ठरवता आले असते आणि उरलेल्या दोघींना बहुधा सौम्यपणे सोडता आले असते. तिघींनी एकच उत्तर दिले: पुस्तक तिघींचे आहे. प्रत्येक पान तिघींचे आहे. त्यांनी यापलीकडे काहीही सांगितले नाही.

या एका नकारात मला त्या पुस्तकाचे सगळे सामर्थ्य दिसते. ज्या राज्याने बाईला स्वतःच्या सहीने देश सोडू दिला नव्हता, शिक्षिकेला स्वतःच्या सहीने लग्न करू दिले नव्हते, तिच्या नावाचे पत्रही आधी नवऱ्याने वाचावे अशी सोय केली होती, त्या राज्याला आता अचानक प्रत्येक बाईची स्वतंत्र, ठसठशीत, एकटीची सही हवी झाली होती. ती व्यक्ती आहे हे त्याला मान्य करायचे होते, पण फक्त शिक्षेपुरते. सेन्सॉरशिपला नेहमी एक नाव लागते. एकट्या लेखकाला वेगळे काढता येते, मारता येते, विकत घेता येते, त्याच्याकडून माफीपत्र लिहून घेता येते, आणि त्याच्या एकटेपणाचे उदाहरण दाखवून बाकीच्यांना घाबरवता येते. ओर्ताच्या बाबतीत एक वर्षापूर्वी नेमके हेच करून झाले होते. तिघींनी आपल्या तीन सह्या एकमेकींत अशा मिसळल्या की त्यातली एक उपटून काढायला यंत्रणेकडे हत्यारच उरले नाही. साहित्यात सामूहिक लेखनाचे प्रयोग पुष्कळ होतात आणि बहुतेक वेळा ते हौसेचे असतात. इथे मात्र लेखनाची पद्धत हाच बचाव होता.

पोर्तुगीज राजवटीला निनावी आवाजाची भीती किती होती, हे गोव्याला वेगळे सांगायला नको. लग्नाची निमंत्रणपत्रिका छापायलादेखील सरकारी परवानगी लागत असे, हे तिथल्या जुन्या पिढीने सांगितलेले आपण ऐकले आहे. त्या काळात, नोव्हेंबर १९५५पासून डिसेंबर १९६१पर्यंत, लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी सीमेलगतच्या जंगलातून एक गुप्त रेडिओ केंद्र चालवले आणि पोर्तुगीज व कोंकणी भाषांतून गोव्याला बातम्या ऐकवल्या. त्या बाईचा आवाज घराघरात पोचत होता आणि तिचा पत्ता सालाझारच्या पोलिसांना सापडत नव्हता. १९५५ साली पकडले गेलेले मोहन रानडे मात्र सापडले होते. त्यांना लिस्बनजवळच्या काशियास तुरुंगात ठेवले गेले आणि गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटल्यावर, जानेवारी १९६९मध्ये त्यांची सुटका झाली. तीन मारियांचा छळ करणारी राजवट आपल्या माहितीतली आहे ती अशी.

तिघींनी पुस्तकाच्या प्रती फ्रान्समध्ये पोचवल्या. सिमोन द बोव्हुआर, मार्गरिट ड्युरास आणि क्रिस्तियान रोशफोर या लेखिकांच्या हाती त्या पडल्या आणि तिथून प्रकरण देशाबाहेर पेटले. जून १९७३मध्ये अमेरिकेत भरलेल्या आंतरराष्ट्रीय स्त्रीवादी परिषदेने तीन मारियांच्या बाजूने उभे राहण्याचा ठराव केला, अनेक शहरांत पोर्तुगीज वकिलातींसमोर निदर्शने झाली, पुस्तकातले उतारे जाहीर वाचले गेले. जी पाने लिस्बनच्या दुकानांत मिळत नव्हती ती दुसऱ्या देशांत, दुसऱ्या भाषांत लोक मोठ्याने वाचत होते. नाटोचा संस्थापक सदस्य असलेल्या आणि आपण सुसंस्कृत ख्रिस्ती युरोपचे पाईक आहोत असे सांगणाऱ्या सरकारला हे जड जात होते. खटला ऑक्टोबर १९७३मध्ये उभा राहिला आणि तारखांमागून तारखा पडत राहिल्या.

२५ एप्रिल १९७४ रोजी लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी सरकार उलथवले, लिस्बनच्या लोकांनी शिपायांच्या बंदुकांत लाल कार्नेशन खोवली, काशियासचे कैदी बाहेर आले. खटला तेवढ्याने आपोआप संपला नाही. निकाल ७ मे रोजी लागला. पुस्तक अश्लील नाही, साहित्यमूल्य असलेली ती कलाकृती आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि तिघी निर्दोष सुटल्या. इथे गोष्ट थांबवली तर ती फार सोयीची होते, म्हणून पुढचेही सांगायला हवे.

सुटकेनंतर लगेच ओर्ता आणि बारेनो यांच्या पुढाकाराने स्त्रीमुक्तीची चळवळ उभी राहिली. १३ जानेवारी १९७५ रोजी लिस्बनच्या एदुआर्दो सातवा उद्यानात या बायकांनी एक निदर्शन ठरवले होते. वधू, गृहिणी आणि पुरुषांना भुरळ घालणारी बाई अशी तीन सोंगे, आणि दडपणाची प्रतीके असलेल्या काही वस्तूंची होळी, असा तो कार्यक्रम होता. बायका तिथे कपडे उतरवणार आहेत अशी अफवा वर्तमानपत्रातून पसरली आणि हजारो पुरुष जमले. त्यांनी शिव्या दिल्या, अंगचटीला गेले, मारहाण केली. काही जणींबरोबर त्यांची लहान मुले होती. हुकूमशाही जाऊन नऊ महिने होत आले होते, आणि त्या गर्दीत क्रांतीचे स्वागत करणारेही पुष्कळ असणार. मला या घटनेचे वर्णन खटल्याच्या हकिकतीपेक्षा जास्त अस्वस्थ करते, कारण इथे दोष द्यायला कोणी सालाझार नव्हता.

तिघींमध्येही अंतर पडले. व्हेल्यो द कोश्ताने स्त्रीवादी चळवळीपासून स्वतःला दूर ठेवले. वर्ग आणि क्रांती यांचा प्रश्न तिला आधीचा वाटत होता, आणि तिने ते जाहीरपणे सांगितले. ओर्ता अखेरपर्यंत स्वतःला स्त्रीवादी म्हणवत राहिली. कायदे हळूहळू बदलले: १९७६च्या घटनेने समानतेचे ते शेपूट कापले, पुढच्या वर्षी नवरा कुटुंबप्रमुख असल्याचे कलम गेले. गर्भपाताचा प्रश्न मात्र २००७च्या सार्वमतापर्यंत लांबला. त्याच वादात १९८२ साली संसदेत एका खासदाराने संभोगाचा हेतू संतती हाच असतो असे सांगितले, तेव्हा तिथे सदस्य असलेल्या नतालिया कोरैयाने त्याला एक विडंबनकविता रचून उत्तर दिले: ज्या अर्थी या गृहस्थांना एकच अपत्य आहे, त्या अर्थी त्यांचा एकूण हिशेब उघड आहे. सभागृहात हशा पिकला. शृंगारिक कवितांबद्दल तिला शिक्षा सुनावणाऱ्या काळाचा सूड तिने असा कवितेनेच उगवला.

मैत्रीत अंतर पडल्यावर, वाटा वेगळ्या झाल्यावर, एखादीने तरी ‘ते पान माझे’ असे म्हणायला हरकत नव्हती. शिक्षेची भीती १९७४ सालीच संपली होती. उलट आता त्या पानांना मान होता, अभ्यासक्रमांत जागा होती, आणि पत्रकार व संशोधक दरवेळी तोच प्रश्न विचारत होते. व्हेल्यो द कोश्ताला २००२ साली पोर्तुगीज साहित्यातला मानाचा कामोएन्स पुरस्कार मिळाला तेव्हाही तिने त्याचे उत्तर दिले नाही. २०१० साली आना लुईझा आमाराल या कवयित्रीने पुस्तकाची सटीप आवृत्ती संपादित केली, तिच्यात शेकडो संदर्भ उलगडले आहेत, आणि लेखिकांची नावे मजकुरांखाली तीतही घातलेली नाहीत. बारेनो २०१६ साली गेली, व्हेल्यो द कोश्ता २०२०मध्ये. त्यानंतर जवळजवळ पाच वर्षे ओर्ता एकटी होती. ती जे म्हणेल ते खोडून काढायला कोणी उरले नव्हते, आणि हवी ती उत्तमोत्तम पाने तिला आपल्या नावावर करून घेता आली असती. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी लिस्बनमध्ये तिचे निधन झाले. तोवर तिला कोणीही विचारले तरी तिचे उत्तर तेच होते, जे तिने १९७२ साली पोलिसांना दिले होते.